क्लचवरचा पाय

पुण्यात गाडी घेतली की अभिनंदन नंतर, आधी विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" सोसायटीच्या वॉचमनने विचारलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात अडवून विचारलं. माझ्या सख्ख्या आत्याने पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं. एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते, एवढाच त्याचा अर्थ. पण विचारतात असं, की जणू गाडी जायला-यायला घेतलेलीच नाही, दूध काढायला घेतलीय. मला त्या शब्दाचा तेव्हाही वैताग होता. आता किळस आहे, आणि ती का आली ते सांगते.

आम्ही धायरीत राहत होतो. तेव्हा तिथे नव्या बिल्डिंगा नुसत्या उगवत होत्या. एका खिडकीतून लिफ्टचा सांगाडा दिसायचा आणि दुसरीतून कुणाचे तरी कांद्याचे वाफे. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, सासू आणि सासरे. नवरा टिळक रोडवर एका बँकेत होता, स्कूटरने जायचा. मी हिंजवडीत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम कुठे आणि कशाने मान टाकतो, ते शोधून काढणारी बाई. थोडक्यात, चुका काढायचा पगार. घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे तर सगळ्याच बायका फुकट करतात." बरं.

धायरीहून हिंजवडीला जायचं म्हणजे दोन बस आणि पुढे सहा आसनी रिक्षात बारावं माणूस म्हणून लटकायचं. एक पावसाळा तसा काढला आणि मग आम्ही गाडी घेतली. लायसन्स मी आधीच काढलं होतं. रोज बायपासने मीच नेणार, हे ठरलेलं होतं.

सासरे कारखान्यातून रिटायर झालेले. उभी हयात स्कूटरवर गेलेली. स्कूटर रिझर्व्हला आली की आडवी पाडून उरलंसुरलं पेट्रोल इंजिनाकडे कसं न्यायचं, कात्रजचा घाट इंजिन बंद करून कसा उतरायचा, टाकी कधीच पूर्ण का भरायची नाही, कारण तेवढंच वजन उगाच वाहावं लागतं, ह्या सगळ्या विद्या त्यांना अवगत होत्या आणि ते त्या मागणी नसताना वाटायचे. आमच्या गाडीच्या मागे "एमपीएफआय" असं चकचकीत स्टिकर होतं. मी त्यांना समजावून सांगितलं, "बाबा, हिच्यात कार्ब्युरेटर नाही. टाकीत पंप आहे, तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो आणि इंजिनात फवारा उडतो. स्कूटरचं हिला काही लागू होत नाही." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेट्रोल ते पेट्रोलच."

पहिला महिना छान गेला. मग दिवाळीनंतर गाडी बसली. बसली म्हणजे बंद नाही पडली. बंद पडली असती तर बरं झालं असतं, निदान लोकांनी विश्वास तरी ठेवला असता. घरून निघताना ठणठणीत. वडगावपर्यंत ठणठणीत. वारजे मागे पडलं आणि रस्ता चांदणी चौकाकडे चढायला लागला की हिचा दम जायचा. ॲक्सिलरेटर दाबावा तर पुढे जाण्याऐवजी उचकी लागल्यासारखे गचके. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. मागे ट्रकवाला हॉर्नवर झोपलेला. शेजारून जाणारा प्रत्येक पुरुष मान वळवून बघायचा, गाडी कोण चालवतंय ते, आणि बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर "हां, मग बरोबर" असं यायचं. मी गाडी कडेला घ्यायचे, बंद करायचे, थोडा वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसायचे. परत चालू केली की हीच गाडी शहाण्यासारखी चढ चढून जायची. अशी नाटकं.

घरी सांगितलं तर नवऱ्याने पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "पाय क्लचवर ठेवतेस का?"

नवशिके ठेवतात, हे खरं आहे. गिअर बदलून झाला तरी डावा पाय क्लचच्या पेडलवरच रेंगाळतो, पेडल अर्धवट दाबलेलं राहतं, इंजिनाची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोचत नाही आणि क्लचच्या प्लेटी जळतात. हे मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि मी ते करत नव्हते. तसं सांगितलं.

"कळत नाही गं आपल्याला," तो म्हणाला. "पाय आपोआप जातो."

"तुझा जातो का?"

"मी किती वर्षं चालवतोय!" काय चालवत होता? स्कूटर. स्कूटरचा क्लच हाताला असतो.

झालं. त्या दिवसापासून माझा डावा पाय हा आमच्या घरातला सार्वजनिक विषय झाला. जेवताना माझा पाय. पाहुणे आले की माझा पाय, मग नवरा हसत सांगायचा, ही झोपेतसुद्धा पाय झाडते. सासरे म्हणायचे, "हिच्या हातात आली आणि गाडी बसली, हे मात्र खरं." वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरता उतरता म्हणायचे, "काय, क्लच काय म्हणतोय?" आणि स्वतःच हसायचे. लाज कशी वाटत नाही ह्या माणसांना, दुसऱ्याच्या पायावर इतकं बोलायची? एका रविवारी नवरा मला शेजारी बसवून गाडी खडकवासल्याच्या रस्त्याने थोडी पुढे नेऊन आला. रस्ता सपाट, गाडी सकाळची थंड. परत आल्यावर पार्किंगमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघ. माझ्या हातात लोण्यासारखी चालते."

"चढ कुठे होता पण?"

"चढाचा प्रश्नच नाहीये. पायाचा आहे."

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे काचा, एसी, कुंडीतली प्लॅस्टिकची झाडं आणि टाय लावलेला एक पोरगेला माणूस. त्याने माझं ऐकताना दोनदा नवऱ्याकडे बघून घेतलं आणि म्हणाला, "सर, इट्स ड्रायव्हिंग हॅबिट. लेडीजमध्ये कॉमन असतं." लेडीजमध्ये! जसं काही गालगुंड. क्लच प्लेट बदलली, प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोलचा फिल्टरही बदलला. मी म्हटलं, "जुनी प्लेट दाखवा मला. घासली असेल तर कळेल." तो म्हणाला, स्क्रॅपला गेली. सकाळी काढलेली प्लेट दुपारी स्क्रॅपला! गाडी चार दिवस बरी चालली आणि पाचव्या दिवशी वारज्याच्या चढावर पुन्हा तेच. पुन्हा नेली. पुन्हा तोच टायवाला, पुन्हा तेच वाक्य, फक्त ह्या वेळी त्याने "मॅडमना ऑटोमॅटिक घेऊन द्या" अशी भर घातली.

सगळ्यात घाण काय झालं सांगू? मला ते पटायला लागलं. ऑफिसात मीटिंगमध्ये बसलेली असले तरी टेबलाखाली वाकून बघायचे, डावा पाय जमिनीला टेकलाय की कशावर ठेवलाय. गाडीत तर सतत. समोरचा रस्ता सोडून खाली बघायचे. एकदा त्या नादात पुढच्या टेम्पोला घासता घासता वाचले. तेव्हा घरी काही बोलले नाही. बोलले असते तर तेही पायाच्याच खात्यावर गेलं असतं.

आणि नेमकं तेव्हाच ऑफिसात मॅनेजरने बोलावलं. जपानचा नवीन क्लायंट आला होता. त्यांची सकाळ आपल्या आधी होते, म्हणून एक टीम पहाटे हजर लागणार होती. "आय वॉन्ट यू टु लीड इट," तो म्हणाला. "पण तू वेळेवर पोचशील ना? दर दोन दिवसांनी तुझा फोन येतो, हायवेवर अडकलेय म्हणून. क्लायंट ऐकून घेणार नाही. मंडेला सांग मला, नाहीतर आय हॅव समवन एल्स." पहाटे धायरीहून हिंजवडीला जाणारं काहीही नव्हतं. गाडी चढ चढली तर मी लीड. नाही चढली तर मी आहे तिथेच, आणि आहे तिथे किती दिवस, तेही सांगता येत नव्हतं. इतकं साधं होतं.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पहाटे? बायकांनी? घराजवळ बघ की एखादं. नऱ्ह्याला कॉलेजं निघालीत, कॉम्प्युटर शिकवायला लागतंच की कुणीतरी." सासरे म्हणाले, रोज एवढं लांब जायचं म्हणजे पेट्रोलचा नुसता धूर. नवऱ्याने मात्र अगदी मायेने खांद्यावर हात ठेवला. "हे बघ," म्हणाला, "गाडी विकून टाकू. नाही जमत एखाद्याला, त्यात लाज कसली? आमच्या बँकेतला एक जण घ्यायला तयार आहे. रविवारी येतो बघायला." म्हणजे मला विचारायच्या आधी गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं! मी काही बोलले नाही. ते त्याला होकारासारखं वाटलं असणार.

शनिवारी सकाळी तो बँकेत गेल्यावर मी गाडी काढली आणि धायरी फाट्यावरच्या एका गॅरेजात नेली. गॅरेजचा मालक गावातलाच. जमीन बिल्डरला गेलेली, हातात सोन्याचं कडं, गळ्यात साखळी, तोंडात गुटखा. माझं सगळं ऐकून घेतलं, एक पिंक टाकली आणि म्हणाला, "ताई, सायबांना पाठवा की. त्यांच्याशी बोलतो."

"गाडी मी चालवते. माझ्याशी बोला."

त्याला गंमत वाटली. बॉनेट उघडून, कान लावून, दोन वेळा रेस करून त्याने निकाल दिला, "पंप गेलाय. नवा टाकावा लागंल."

"कशावरून?"

"अनुभव हाय आपल्याला."

अनुभव! पुण्यात ज्याला काही माहीत नसतं त्याला अनुभव असतो. मी विचारलं, "पेट्रोलचं प्रेशर बघायचा गेज आहे का तुमच्याकडे?" ऑफिसातल्या एका मुलाने, जो आधी गाड्यांच्या कारखान्यात होता, मला दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतं की इंजेक्शनच्या गाडीला दम नसेल तर आधी प्रेशर मोजावं, पंप पेट्रोल नेमक्या दाबाने पुढे ढकलतो की नाही, ते त्या गेजवर दिसतं. मालकाने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि ड्रॉवरच्या तळातून एक धुळकट डबा काढला. आत घड्याळासारखी तबकडी, तिला रबराचा लांब पाइप. इंजिनावरून पेट्रोलची जी नळी जाते तिला त्याने तो जोडला, गाडी चालू केली. काटा चढला आणि जिथे असायला हवा तिथे जाऊन ठाम उभा राहिला. रेस केली तरी हलला नाही.

"बघा! प्रेशर फस्कलास," तो म्हणाला. "पंपबी ओके."

"आत्ता तर पंप गेलाय म्हणालात."

"आता गेज म्हनतोय ओके, तर ओके. मंग राह्यलं काय? डायवर." आणि पुन्हा पिंक.

माझं टाळकं सटकलं. पण त्या सटकण्यातच मला माझा धंदा आठवला. प्रोग्राम आपल्या टेबलावर नीट चालतो आणि गिऱ्हाइकाकडे गेला की कोसळतो, हे तर आमचं रोजचंच. मग टेबलावर चालवून बघण्यात काय अर्थ? जिथे कोसळतो तिथे जाऊन बघायचं. मी म्हटलं, "हा पाइप लांब आहे. बॉनेटच्या फटीतून बाहेर काढा आणि गेज वायपरखाली बांधा, काचेवर, माझ्या डोळ्यांसमोर. आपण वारज्याच्या चढावर जाऊ."

तो नाही म्हणणार होता. पाइप सुटला तर पेटेल, वगैरे बोललाही. पण आजूबाजूला दोन-चार माणसं जमली होती आणि बाई म्हणते तर आपण मागे का सरायचं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आलं असावं. जोड पुन्हा आवळला, चिकटपट्टीने गेज काचेवर बांधला आणि शेजारी बसला. त्याच्या बाजूची काच पूर्ण खाली, थुंकायची सोय.

वारज्याच्या पुढे चढ लागला. मी तिसऱ्यात टाकली, क्लच सोडला आणि डाव्या पायातली चप्पल काढून पाय सीटखाली मागे दुमडून घेतला. "माझा पाय बघा," मी म्हटलं. "नीट बघा. कुठे आहे?"

"मागं हाय."

"आता गेज बघा."

अर्ध्या चढापर्यंत काटा ठाम होता. मग हलला. आधी जरासा, मग हळूहळू खाली, खाली, आणि त्याच्याबरोबर गाडीचा दम जायला लागला. गचके सुरू झाले. मागून हॉर्न. माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला, डावा सीटखाली, आणि काटा अर्ध्याच्याही खाली थरथरत होता. मी ओरडले, "बघताय ना? बघताय ना तुम्ही?" इतका आनंद मला लीड व्हायची ऑफर आली तेव्हाही झाला नव्हता. गाडी मरत होती आणि मी खूश होते.

कडेला घेतली, बंद केली. थोडं थांबून नुसती किल्ली फिरवली. मागून पंपाची बारीक घरघर ऐकू आली आणि काटा सरळ वर, पहिल्या जागी. मालकाने गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "पंप मेला आस्ता तर परत आला नस्ता," तो म्हणाला.

"म्हणजे ओढताना काहीतरी पंपाच्या तोंडाला चिकटतंय, आणि बंद केला की सुटतंय."

"टाकीत काय पडलंय का, ताई?"

गॅरेजात परत येऊन त्याने मागची सीट उचलली, तिच्याखालचं झाकण खोललं आणि टाकीतून पंप वर ओढला. आधी वास आला. पेट्रोलचा नव्हे, जुन्या ट्रंकेचा. डांबरगोळ्यांचा. तो पेट्रोलमध्ये मिसळून असा काही भपकारा आला की मी नाकावर हात धरला. पंपाच्या तळाशी जी जाळी असते, तिला एक काळपट, बुळबुळीत लांबट चिंधी लपेटलेली होती. मालकाने ती दोन बोटांनी सोडवली आणि माझ्यासमोर धरली. कापडाची शिवलेली अरुंद पिशवी होती ती, शेवग्याच्या शेंगेएवढी. आत शिवणीत पांढरा चुरा अडकलेला, टोकाला तुटका दोरा. आणि कापडाच्या कडेला लाल दोऱ्याची टीप. ती टीप मी ओळखली. सासूबाई चक्का टांगायचं फडकं इतर फडक्यांत मिसळू नये म्हणून त्याला लाल दोऱ्याने टीप घालतात. ज्या कापडातून आम्ही श्रीखंड खाल्लं होतं ते कापड माझ्यासमोर पेट्रोल गाळत लोंबत होतं. शी!

मालक खदाखदा हसला. "डांबरगोळ्या! लोकं टाकत्यात, ताई. जुनी माणसं लय. ॲव्हरेज वाढतंय म्हनं." त्याने शेजारच्या गॅरेजवाल्यालाही हाक मारून बोलावलं. मी ती चिंधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, गाठ मारली, आणि टाकी साफ होऊन पंप पुन्हा बसेपर्यंत तिथल्या फळीवर बसून राहिले. मग एकटी पुन्हा चढावर जाऊन आले. गाडी एकदाही अडखळली नाही.

घरी पोचले तेव्हा नवरा बँकेतून आला होता, शनिवार अर्धा दिवस. सगळे नुकतेच जेवायला बसले होते. मी ती पिशवी टेबलावर, आमटीच्या पातेल्याशेजारी ठेवली. "टाकीत सापडली," म्हटलं. "पंपाच्या तोंडावर बसायची. म्हणून गाडी चढत नव्हती. क्लचचा काहीही संबंध नव्हता."

सासऱ्यांनी चष्मा वर करून बघितलं. आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या तोंडावर अपराधाचा लवलेश नव्हता. "दोरा तुटला वाटतं," म्हणाले. "अगं, सुट्या टाकल्या असत्या तर अडकल्या असत्या, म्हणून तर फडक्यात शिवल्या. स्कूटरला मी कायम टाकायचो. तू रोज एवढं लांब जायला लागलीस, म्हटलं ॲव्हरेज तरी राखावं." मग जरा पुढे झुकून, "वाढलं होतं की नाही? खरं सांग."

मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. "अगंबाई, हे माझं चक्क्याचं फडकं! आणि मी त्या कामवालीला बोल बोल बोलले, तूच नेलंस म्हणून! दिवाळीच्या तोंडावर काम सोडून गेली बिचारी." आणि मग पदर सावरत, अगदी सहज, नवऱ्याकडे वळून, "तरी मी म्हणत होते, बापलेक खाली गाडीशी काय करताहेत. तू तर टाकीचं झाकण धरून उभा होतास की रे."

नवऱ्याने पोळीचा तुकडा मोडला आणि तो तसाच ताटात ठेवला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"गोळ्यांनी असं होईल हे माहीत नव्हतं."

"आणि नंतर? पहिल्यांदा सर्व्हिसला नेली तेव्हा?"

"तेव्हा नाही." त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "दुसऱ्यांदा नेली तेव्हा वाटलं होतं. पण खात्री नव्हती. आणि बाबांसमोर कसं बोलणार? त्यांनी चांगल्यासाठीच केलं होतं. त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि मला?"

त्याला तो प्रश्नच कळला नाही, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. मग म्हणाला, "तुला काय. तू ऐकून घेतेस."

सासऱ्यांचं मला काही वाटलं नाही. एक हट्टी म्हातारा, त्याची स्कूटरची विद्या, ठीक आहे. पण हा माणूस माझ्या शेजारी बसून माझ्या पायाकडे बोट दाखवत होता. मी झोपेत पाय झाडते म्हणून हसत होता. खांद्यावर हात ठेवून मायेने गाडी विकायला निघाला होता. आणि त्याला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, आणि माझा पाय त्याला जास्त सोयीचा होता. मला त्याच्या हाताची, खांद्यावर ठेवलेल्या त्या हाताची, इतकी किळस आली की मी उठून बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले. खांदा धुता येत नव्हता म्हणून हात.

तसेच ओले हात पुसत मी मॅनेजरला फोन लावला, सगळ्यांसमोर. सोमवारची वाट कशाला बघायची? पहाटेची टीम मी घेतेय, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ग्रेट! आणि गाडी?" मी म्हटलं, "गाडी माझी आहे. ती चढते." मग मी फोन नवऱ्यासमोर ठेवला.

"उद्याच्या त्या गिऱ्हाइकाला फोन कर. गाडी विकायची नाही म्हणून सांग."

"आत्ता?" तो म्हणाला. "अगं, त्याला शब्द दिलाय मी. काय कारण सांगू?"

"सांग, बायको ऐकत नाही."

त्याने वडिलांकडे बघितलं, ते आमटीत भात कालवत होते. आईकडे बघितलं. मग फोन उचलला, नंबर फिरवला आणि बँकेतल्या त्या माणसाला अगदी ह्याच शब्दांत सांगितलं. मी समोर उभी राहून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मग जेवायला बसले.